आईने घेतलेली फ्रेंचची उजळणी

'गार्दे' या एका फ्रेंच क्रियापदाने मला दोन महिने छळलं. वस्तू ठेवून घेणं म्हणजे गार्दे. मूल सांभाळणं गार्दे, मेंढ्या राखणं गार्दे, गुपित पोटात ठेवणं गार्दे. कोट अंगातून न काढणं तेही गार्दे, आणि आजारी माणूस अंथरूण धरून पडला तर तो अंथरूण 'गार्दे' करतो! क्लासच्या बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. काही विचारलं की त्यांचं एकच, "कॉन्टेक्स्ट, सर, कॉन्टेक्स्ट." बंगळूरात, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून पाऊण तासाने सुटून आलेल्या माणसाने कॉन्टेक्स्ट कुठून आणायचा?

क्लास लावला तो कॅनडासाठी. तिकडे स्थायिक व्हायच्या अर्जाला गुण लागतात, आणि माझ्या वयाचे गुण संपले होते. फ्रेंचचे मिळाले तरच आमची फाइल सरकणार होती. आमची म्हणजे माझी, बायकोची आणि मुलीची. आईला मात्र मी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. ती शेजारच्या अक्कांनाही सांगून आली, "कंपनी ह्याला फ्रान्सला धाडणार बहुतेक."

आणि उजळणी घ्यायला तीच. लहानपणी पाढे घ्यायची तशी. तिची शाळा कानडीतली, पण पोथ्या वाचून देवनागरी पक्की. म्हणून मी वहीत डावीकडे मराठी अर्थ आणि उजवीकडे देवनागरीतच फ्रेंच लिहायचो. तिने डावीकडचं वाचायचं, मी फ्रेंच म्हणायचं, तिने बोट ठेवून ताडून बघायचं.

"राखणे?"

"गार्दे."

"सांभाळणे?"

"गार्दे."

"अरे, मघाशी तेच म्हणालास की!"

"तेच आहे, आई."

"मेंढरं राखतात, माणसं सांभाळतात. ह्यांना काही फरकच नाही? दरिद्री भाषा!"

"तू पुढचं विचार ना!"

"सरी, सरी, विचारते. ओरडू नकोस."

परीक्षेच्या आठवड्यात बाईंनी तोंडी परीक्षेसाठी स्वतःचा परिचय लिहायला सांगितला. मी तो त्याच वहीत, त्याच पद्धतीने उतरवला. डावी बाजू आताशा मला मराठी वाटतच नव्हती. तो नुसता अर्थाचा रकाना. वही आईच्या हातात दिली आणि डोळे मिटून बसलो.

"माझं वय शेहेचाळीस आहे," तिने वाचलं. मी फ्रेंचमध्ये म्हटलं.

"मला बायको आणि एक मुलगी आहे." तेही म्हटलं.

"आम्हाला कॅनडात कायमचं राहायचं आहे."

माझे डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत नव्हती. बोट खालच्या ओळीवर गेलं आणि त्याच पाढ्यांच्या आवाजात ती म्हणाली, "भारतात माझ्यावर अवलंबून असं कोणी नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. वही हिसकावायला हवी होती, काहीतरी खोटं तरी बोलायला हवं होतं. मी उत्तर दिलं. फ्रेंचमध्ये, घडाघडा, एकही चूक न करता.

तिने उजवीकडे ताडून बघितलं. "बरोबर," म्हणाली.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. निकाल चांगला लागला, फाइल पुढे सरकली. आईने त्या ओळीविषयी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. तिने भांडावं म्हणून मी वाट बघतो, आणि ती भांडत नाही याचा मलाच संताप येतो, इतका मी निगरगट्ट. हल्ली ती रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः जाऊन आणते. भाजीची पिशवी घेऊन दोन जिने एकटी चढते. मी घ्यायला उठलो की म्हणते, "बस रे, मला जमतं."

आणि मी बसतो.