वरकुट्याचा वाघ

आमच्या आजोबांनी एकदा वाघ मारला. मी लिहीपर्यंत ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

नव्वदच्या दशकात वडील शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या गावी, वरकुट्यात, त्यांचा सत्कार ठरला. मी बारामतीत नोकरीला (शिवाय एकदा पेपरात माझं वाचकाचं पत्र छापून आलेलं!), म्हणून घराण्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. माहितीसाठी मी एकाच माणसाला गाठलं. चुलत आजोबा, तात्या. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात एकही दात नाही.

"आबानं वाघ... लोळिवला," तात्या म्हणाले. आबा म्हणजे आमचे आजोबा.

"कुठं? उसात?"

"उसातच की!"

बस्स! डरकाळी, नखं, छातीवरचे ओरखडे... सगळं मी पदरचं घातलं.

भर मांडवात माईकवर वाचलं, "आणि एका ठोशात आबांनी वाघाला यमसदनी धाडलं!" टाळ्या! तेवढ्यात तात्या ओरडले, "आरं, वाघ न्हाय, वाघ्या! कुत्रं हुतं त्ये!"

मांडव हसून लोटपोट. हसले नाहीत फक्त शेजारचे किसनराव. ते उठून उभेच राहिले.

"म्हंजी आमचा वाघ्या तुमच्या आबानं मारला? आन मला ल्हानपणी सांगितलं, म्हातारपणानं गेला म्हणून!"

झालं! दोन घरांचा पिढ्यान् पिढ्यांचा घरोबा मी एका वाक्यात मोडला होता. गळ्यातल्या हारासकट वडील माझ्याकडं असे बघत होते, की मला माईकमागं लपावंसं वाटलं.

तेव्हा कऱ्हाटीची आत्या कडाडली, "गप बसा समदी! म्या तितंच हुते. वाघ्याच्या नरड्यात हाडूक अडाकलं हुतं. आबानं त्याला लोळवून, तोंडात हात घालून काढलं. कुत्रं हाताला कचाकचा चावलं, पर आबानं सोडलं न्हाय. पुढं किती वर्सं जगलं की त्ये!"

किसनराव मटकन खाली बसले. "तरीच! जेवायचा आमच्यात आन झोपायचा तुमच्या दारात." आणि त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

वाघ मारणाऱ्यापेक्षा हे आजोबा मला कितीतरी आवडले. मी आत्याच्या पायाच पडलो. ती म्हणाली, "आरं लेकरा, आदी चार जणांस्नी इचारावं, मंग लिवावं."

तिचे उपकार मी विसरलेलो नाही. परवा आत्मचरित्र लिहायचं मनात आलं, तर आधी घरातल्या चौघांना विचारलं, "माझ्याविषयी काय लिहू?"

आमच्या घरात पहिल्यांदाच चौघांचं एकमत झालं, "काही लिहू नका!"