बाबांचे पाय आणि सिस्टरांचं घर

"जरा चालून दाखवा," असं डॉक्टर म्हणाले आणि माझे बाबा मुंबईच्या त्या दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये नुसते उभे राहिले. पाय उचलेनात. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, डोळे तेवढे माझ्याकडे लागले होते. मी हात धरायला पुढे झाले, तर डॉक्टरांनी मला खुणेनंच थांबवलं. मिनिटभरानं पाय सुटले ते बारीक बारीक पावलांनी, कुणीतरी पुढून ओढत असल्यासारखे. मग डॉक्टरांनी त्यांना कागदावर स्वतःचं नाव पाच वेळा लिहायला लावलं. पहिलं नाव ठसठशीत आलं. पाचवं मुंगीएवढं झालं होतं.

"पार्किन्सन्स डिसीज," डॉक्टर म्हणाले. आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं एक द्रव्य तयार होतं. ते कमी पडायला लागलं की अंगवळणी पडलेल्या हालचाली, म्हणजे चालणं, गिळणं, बोलणं, एकेक करून जड होत जातात. "हा आजार जात नाही. पण गोळ्यांनी आवरता येतो. आणि यानं माणूस लगेच दगावत नाही." शेवटचं वाक्य तेवढं मी घट्ट धरून गासला, आमच्या गावी, परत आले.

ही गोष्ट ऐंशी सालच्या आगेमागेची. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा पाहुणा आला असेल तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडतील, म्हणून लिहिते आहे. चुका मी पुष्कळ केल्या.

आमची पानवेलींची वाडी होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ नोकरीला कुवेतला, आणि मी गावच्या शाळेत बाई. लग्न केलं नाही, त्याची चर्चा गावानं माझ्यापेक्षा जास्त केली. घरात बाबा आणि मी. सुरुवातीला त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागला. मला वाटलं, रोझरीचे मणी ओढायची सवय. मग पानांचे गड्डे बांधायला वेळ लागू लागला. मग आवाज गेला, म्हणजे इतका बारीक झाला की त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागे. दिवसभर चाळीस पोरांचा कलकलाट ऐकून आलेली मी त्यांच्यावर खेकसायची, "बाबा, मोठ्यानं बोला ना!" कृपा करून असं खेकसू नका. आवाज बसणं हेसुद्धा त्या आजाराचंच लक्षण असतं. मला ते फार उशिरा कळलं आणि अजून टोचतं.

निदान झाल्यावर मी पदर खोचून कामाला लागले. बाबा अडखळतात ना, मग अडथळेच नकोत! गवंडी बोलावला आणि घरातले सगळे उंबरे फोडून घेतले. सगळीकडे एकसारखा गुळगुळीत कोबा घातला. बाबा ओटीवर बसून नुसते बघत होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण मला तेव्हा ऐकून घ्यायला सवड नव्हती. नवा कोबा आरशासारखा झाला आणि बाबा त्यावर पहिल्यापेक्षा जास्त अडकायला लागले. दारात आले की पाय जमिनीला चिकटत. डॉक्टर याला फ्रीझिंग म्हणतात, म्हणजे पाय गोठल्यासारखे होणं. मी समजले, आजार वाढला.

एके दिवशी शाळेतून आले तर बाबा स्वयंपाकघर आणि मोरीच्या मध्ये पडलेले. सकाळी मी गेल्यावर थोड्याच वेळात पडले होते. पाण्याचा हंडा चार हातांवर होता. "पानी नाय मिळाला गं बाय," एवढंच म्हणाले. कपडे ओले झाले होते आणि त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. हाड मोडलं नव्हतं हे नशीब. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता यांना एकटं ठेवायचं नाही. एक तासही नाही."

नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि दिवसभर थांबणारं माणूस शोधूनही मिळेना. आमच्याकडून दोन गावं पलीकडे सिस्टर लोकांनी चालवलेलं म्हाताऱ्या माणसांचं घर होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी बाबांना तिथे नेलं. निघताना त्यांना शब्द दिला, "मेच्या सुट्टीत मी तुम्हाला घरी आणणार." शेजारच्या रोजामावशीनं मात्र परतीच्या वाटेतच गाठलं. "बापाला देऊन आलीस? घरान जागा नव्हती काय?" रात्रभर भांडत बसले तिच्याशी, मनातल्या मनात.

आता त्या घराबद्दल खरं ते सांगते. नुसती स्तुती लिहून तुमची फसवणूक करायची नाही.

कपड्यांवर नंबर घातलेले असत, बाबांचा अकरा. तरीही बाबांचा निळा सदरा मी दुसऱ्याच आजोबांच्या अंगात बघितला. जेवण संध्याकाळी साडेसहाला, भूक असो नसो. कालवणात तिखट नावाला. आंघोळ नंबरानं. भेटायला फक्त गुरुवारी आणि रविवारी. बाबांची बोली तिथे कुणालाच नीट कळत नसे, त्यामुळे आधीच कमी बोलणारा माणूस गप्पच झाला. एका गुरुवारी शेजारची खाट रिकामी दिसली, गादी उन्हात टाकलेली. सगळे खाली मान घालून पेज पीत होते. त्या दिवशी मी बाबांना तसंच उचलून घरी नेणार होते.

गोळ्यांवरून तर मी भांडलेच. लिव्होडोपा नावाची गोळी, शरीरात गेल्यावर तिचं डोपामाइन होतं. ती जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इथे सगळ्यांच्या गोळ्या घंटा वाजली की जेवणाबरोबर. मी आवाज चढवला. मोठ्या सिस्टर, साठीच्या, कमरेला टॉवेल खोचलेल्या, शांतपणे म्हणाल्या, "बाई, चुकलं आमचं. उद्यापासून अकरा नंबरची गोळी मी स्वतः देईन." आणि दिली. पुढे कधी चुकवली नाही. भांडायला गेलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की घरी जाऊन करायचं काय, तेच कळत नाही.

आणि चांगलं काय? हात. तिथे सतत कुणाचे तरी हात होते. बाबा पडून राहिलेत आणि कुणाला पत्ता नाही, असं एकदाही झालं नाही. मला वाईट तेवढं लगेच दिसायचं. हे दिसायला महिने लागले.

नाताळला दोन दिवस घरी आणलं तर माझ्या त्या आरशासारख्या कोब्यावर चार वेळा अडकले. मी हबकले. मेमध्ये शब्द पाळायचा कसा?

मग ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात तो गुरुवार आला. मी फाटकातून आत शिरले तर मोठ्या सिस्टर धावत आल्या. धावणाऱ्या नन मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. "बाई, आधी इकडे या. बोलू नका, नुसतं बघा!"

झालं होतं असं. सकाळी अंगण धुताना पाण्याचा एक ओहोळ व्हरांड्यात आडवा वाहत आला. बाबा नेहमीप्रमाणे मधेच गोठून उभे होते. पाणी पायाशी आलं, आणि त्यांनी पाय चांगला गुडघ्यात वाकवून उचलला, ओहोळ ओलांडला, आणि पलीकडे जाऊन पुन्हा गोठले. सिस्टर तिथेच थबकल्या. त्यांचं माहेरही वाडीवाल्यांचं, फक्त दुसऱ्या मुलखातलं. वाडीत पाणी पाटानं फिरवतात आणि लहानपणापासून प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकलेली असते: पाटावर पाय द्यायचा नाही, पाट फुटतो आणि पुढच्या वाफ्याचं पाणी वाया जातं. पाट दिसला की ओलांडायचा. बाबांनी साठ वर्षं तेच केलं होतं.

सिस्टरांनी लगेच चुना कालवला आणि व्हरांड्याच्या लाद्यांवर आडवे पट्टे ओढले, दर पावलाला एक.

मी बघत होते. बाबा पहिल्या पट्ट्यापाशी आले. खाली बघितलं. पाय उचलला, पलीकडे ठेवला. दुसरा पट्टा. तिसरा. लांब, सावकाश, वाडीतली चाल. हाच माणूस सकाळी दव पडलेल्या वाडीत टोपली खांद्यावर घेऊन चालताना मी पोरवयात पाहिला होता. व्हरांड्याच्या टोकापर्यंत ते एकदाही न थांबता गेले. मी तिथेच खांबाला धरून रडले, आणि सिस्टर टॉवेलनं डोळे पुसत म्हणाल्या, "रडता काय, टाळ्या वाजवा!"

मुंबईला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी खडूनं पॅसेजमध्ये रेघा मारून घेतल्या आणि बाबांना चालवलं. मग म्हणाले, "विचार न करता चालायची मेंदूतली वाट यांची बंद पडली आहे. पण समोर काही बघून, ठरवून ओलांडायची वाट वेगळी असते. ती शाबूत आहे. मी हे फक्त वाचलं होतं." मग माझ्याकडे वळले. "गुळगुळीत जमीन आपल्याला बरी. यांना ती वाईट." उंबरे फोडताना बाबांना काय सांगायचं होतं ते मला तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. त्यांचे पाय उंबरे ओलांडूनच तर चालत होते.

मग मात्र मी वेळ दवडला नाही. उंबरे परत बसवले. खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून मागच्या दारापर्यंत पांढरे पट्टे रंगवले. घर झेब्र्यासारखं दिसायला लागलं. रोजामावशी बघून गेली आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही. दिवसा बसायला मात्र तीच आपणहून तयार झाली. शाळेला सुट्टी लागली त्याच रविवारी मी टांगा केला आणि बाबांना आणायला निघाले.

बाबांची ट्रंक भरलेली नव्हती. मी जरा चिडूनच व्हरांड्याकडे वळले.

पट्ट्यांवरून बाबा चालत होते, आणि त्यांच्या मागे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, कामण गावचे तात्या. मोठे भातशेतकरी, बाबांपेक्षा हातभर उंच, हाच आजार. मी त्यांना आजवर खाटेवरच पाहिलं होतं. पट्ट्यांचा त्यांना उपयोग झाला नव्हता. त्यांची भातशेती, त्यांना बांधावरून चालायची सवय, पाट ओलांडायची नव्हे. पण पुढे कुणी चालत असेल आणि ताल धरून देत असेल तर त्यांचे पाय सुटत. आणि ताल देत होते माझे बाबा.

"उचल! टाक! उचल! टाक!"

मला आधी कळेचना की हा आवाज कुणाचा. दोन वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता. भसाडा, जाड, वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायचा तो आवाज. तात्यांना कमी ऐकू येत होतं, म्हणून बाबा मोठ्यानं बोलत होते. मी इतकी खेकसले तेव्हा जो निघाला नाही, तो या परक्या माणसासाठी छातीतून निघत होता. माणसात देवानं काय काय कुठे कुठे दडवून ठेवलं आहे, हे मी तेव्हा पाहिलं. अजूनही त्यापुढे माझी मान खाली जाते.

बाबा माझ्यापाशी येऊन थांबले. मी म्हटलं, "बाबा, टांगा उभा आहे. घरी चला. सगळीकडे पट्टे काढलेत, उंबरेसुद्धा बसवले."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "चांगला केलास बाय," ते म्हणाले. "पण मना नाय यावाचा."

"का? इथलं जेवण तरी आवडतं का तुम्हाला?"

"जेवान कसला, पानी नुसता," ते म्हणाले. मग अंगठ्यानं मागे खूण केली. "मी गेलो तं याला कोन चालवील?"

तात्यांना यातलं काही ऐकू गेलं नसावं. ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवून समोर बघत उभे होते, पुढचं पाऊल कधी टाकायचं त्याची वाट बघत.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझे पट्टे, माझे उंबरे, माझा शब्द, सगळं तिथेच राहिलं. पण घरी मी त्यांना काय देणार होते? गरम जेवण, स्वतःचा सदरा, रोजामावशी. सांभाळलं असतं मी त्यांना, फार छान सांभाळलं असतं. इथे त्यांच्यावाचून एक माणूस खाटेवरून उठणार नव्हता. अशा घराची पारख करायला जाल तेव्हा खाटा बघा, मोऱ्या बघा, गोळ्यांची वेळ विचारा, जरूर भांडा. पण तिथे आपल्या माणसाची कुणाला गरज लागेल का, हेही बघा. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी टांगेवाल्याला जायला सांगितलं आणि पायरीवर बसले. जेवणाची घंटा झाली. बाबांनी पट्ट्याकडे बघितलं, छाती भरून घेतली आणि हाक दिली. दोघे म्हातारे एकापाठोपाठ जेवणघराकडे निघाले. या आजारात वळताना पाय हमखास अडकतात, म्हणून बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. ते पाहत नाहीत तोवर मी पोटभर त्यांना पाहून घेतलं.