शेवटच्या बाकावरून फळा

भूकंपानंतर पत्र्याच्या शाळेत महादेवीबाई शिकवायच्या, तेव्हा बाकंच नव्हती. सगळी लेकरं एका सतरंजीवर. कुणाचं घर पडलं, कुणाचं माणूस गेलं, सगळं तिथंच बोलायची. बाईंच्या नागरिकशास्त्राच्या तासाला तेव्हापासून लेकरं अशीच मोकळी बोलतात.

पुढं त्या लातूरच्या शाळेत आल्या. तोवर गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते आणि शाळेनंही त्यांचीच रीत उचलली होती. शनिवारी टेस्ट, सोमवारी नंबराप्रमाणे जागा. पहिला फळ्याजवळ, शेवटचा भिंतीला.

एके दिवशी शिवणकाम करणारे खाजामियाँ आले. "बाई, आमची सादिया सालभर भिंतीलाच हाय. नववीपर्यंत शिकली तेवढं बस. परवा दाखला न्यायला येतो, मशीनवर बसवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढं हात जोडून बाई वर्गात गेल्या आणि बालहक्कांचा धडा काढून विचारलं, "नंबराप्रमाणे बसवणं बरोबर हाय का?"

"हाय की!" पहिल्या बाकावरचा अमरनाथ म्हणाला. "आम्ही रात्रंदिस घासतो बाई."

"मी पण घासते," सादिया मागून पुटपुटली. "पण मला इथून फळाच दिसंना."

बाई तिच्या बाकाजवळ गेल्या. "मग सांगितलं का न्हाईस गं?"

"अब्बांना खर्चात कशाला पाडू? अन् शेवटच्या बाकावरचं कोण ऐकतंय बाई?"

एवढ्यात मुख्याध्यापक शरणप्पा सर दारात. "बाई, हा काय बाजार भरवलाय? तुमचा तास उद्यापासून गणिताला देतो!"

"द्या सर. पण आधी इथं सादियाच्या जागी येऊन बसा. चष्मा काढून फळा वाचून दाखवा."

"ही काय थट्टा?"

"लेकरं बघायलीत सर."

सर कुरकुरत शेवटच्या बाकावर टेकले, चष्मा काढला आणि डोळे बारीक करून पुढं वाकले. पुढून कुणीतरी फिसकन हसलं. मग सर चष्मा परत लावत सादियाला म्हणाले, "पोरी, दप्तर उचल. पुढं बस."

टेस्टा काही बंद झाल्या नाहीत. नागरिकशास्त्राचा तास मात्र राहिला.

ठरल्याप्रमाणे खाजामियाँ दाखला मागायला आले, तर सरांनीच त्यांना अडवलं. "दाखला-बिखला काही मिळणार न्हाई. आधी पोरीला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या."

खाजामियाँनी खिडकीतून वर्गात पाहिलं. पहिल्या बाकावर सादिया मान वर करून फळ्यावरचं उतरवून घेत होती. ते चपला सावरत मागं फिरले आणि वर्गाच्या दारात उभ्या बाईंना म्हणाले, "चष्म्याचं दुकान कुठं हाय हो?"