आवतन दिलेला पाहुणा

पोळ्याला आमच्या घरी बैल जेवल्याशिवाय कोणी जेवत नाही. घरधनी तर नाहीच नाही. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावायचं, पळसाच्या पानांनी चोळायचं आणि कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा हे बोललं की बैल पाहुणा झाला. मग पाहुणा उपाशी अन् यजमान ताटावर, हे कसं चालेल?

लहानपणी मला याचं भारी कौतुक होतं. पण बाबांना शुगर निघाली, सकाळी गोळी घेतली की वेळेवर पोटात अन्न गेलंच पाहिजे अशी तंबी मिळाली, तेव्हापासून पोळा जवळ आला की माझ्या कपाळावर आठी चढते. म्हणून मी दरवर्षी आदल्या दिवशीच अकोल्याहून माहेरी जाते. माहेर मूर्तिजापूरपासून थोडं आत, आणि जठारपेठेतल्या माझ्या घरापासून बसनं फार दूर नाही. नवरा म्हणतो, तू सणाला नाही, भांडायला जातेस. म्हणू दे.

गावागावात गुरांना लम्पीचा रोग आला त्या वर्षी मी पोचले, तर गोठ्यात पांढऱ्या एकटाच. आमची जोडी पांढऱ्या-तांबड्याची. दोघं एकाच बाजारातून आलेले, एकाच जुवाला वाढलेले. तांबड्याला घरामागं नाल्याकडच्या निंबाखाली नेऊन बांधलं होतं. मधे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कुडाण घातला होता. मी जाऊन पाहिलं. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पुढचे पाय सुजलेले, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. बाजूला निंबाच्या पाल्याचा धूर केला होता, माशा बसू नयेत म्हणून. मी हाक मारली तर त्यानं नुसता कान हलवला.

"देवी आली त्याले," आई हळूच म्हणाली. तिनं घरात फोडणी देणं बंद केलं होतं, पायातल्या जोडव्यांचाही आवाज होऊ देत नव्हती.

"देवी-बिवी काही नाही, आई. लम्पी आहे. माशा-डासांनी पसरते."

"मंग डॉक्टरनं पांढऱ्याले बकरीच्या देवीची लस काहून टोचली वं?"

आता घ्या! खरंच तीच लस टोचत होते सगळीकडे. हा रोग देवीच्याच खानदानातला, आणि शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांनाही चालते, हे मला जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. त्या घडीला मात्र आई जिंकली होती आणि मला चहा करायला आत जावं लागलं.

संध्याकाळी बाबा लोण्याची वाटी घेऊन निघाले. पांढऱ्याचे खांदे चोळले, आवतन दिलं, आणि तीच वाटी, तीच पानं घेऊन कुडाणाकडे वळले. मी आडवी आले.

"बाबा, एकाच वाटीनं दोघांना नका लावू. अन् त्याच्या खांद्यावर फोड आहेत, चोळता काय?"

"बरं, नाई चोळत."

"आणि आवतन पण देऊ नका. तो काही खाऊन राहिला नाही. उद्या तुम्ही उपाशी बसाल, मी ओळखते तुम्हाला."

बाबा माझ्याकडे असे पाहत राहिले की मी जणू सख्ख्या भावाला लग्नाची पत्रिका देऊ नका म्हणाले होते. मग त्यांनी वाटी माझ्या हातात दिली, हात धुतले आणि कुडाणाच्या पलीकडे गेले. कानाशी वाकले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. मला असा राग आला, असा राग आला की वाटी मी तिथंच दगडावर आपटली. लोणी मांजरानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी गावात पोळ्याचं तोरण लागलं नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सकाळीच सांगितलं, जनावरं एकत्र आणू नका, पोळा आपापल्या घरी करा. झडत्यांची गाणी नाहीत, वाजंत्री नाही. बाबांनी पांढऱ्याला धुतलं, शिंगं रंगवली, झूल घातली. आईनं पाय धुऊन ओवाळलं. पांढऱ्यानं पुरणपोळी अशी ओढली की ताट उलटं झालं. मग बाबा दुसरं ताट घेऊन निंबाखाली गेले.

तांबड्यानं ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाबा तिथंच पोत्यावर बसले. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजारी जनावराला पुरणपोळी अजिबात द्यायची नाही, पोट बिघडून भलतंच होईल, हिरवा कोवळा चारा द्या, नाहीतर पातळ काहीतरी पाजा. मी जाऊन बाबांना सांगितलं.

"बरं झालं इचारलं," बाबा म्हणाले. "उचल ताट." पण स्वतः उठले नाहीत. चाऱ्याची हिरवी धांडी पुढं केली, ती तांबड्यानं हुंगून सोडून दिली.

दुपार चढली. बाबांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. मी गुळाचा खडा घेऊन धावले. घेईनात.

"बाबा, सकाळी गोळी घेतली आहे तुम्ही! चक्कर येऊन पडाल!"

"पाहुण्याच्या पोटात काई नाई आन मी गूळ चघळू?"

"पाहुणा नाही, बैल आहे तो!"

हे माझ्या तोंडून गेलं आणि मला रडूच फुटलं. बैल मेला तर मेला, मला बाप पाहिजे होता, हे मी तिथं उभी राहून मोठमोठ्यानं बोलले. बाबा खाली मान घालून ऐकत होते. तांबड्याही ऐकत असावा, त्याला कुठं जायचं होतं!

तेवढ्यात आई आली. तिच्या हातात पितळी गंजात ज्वारीच्या पिठाची आंबील, पातळ, थंडगार केलेली. देवीला थंड नैवेद्य लागतो म्हणून तिनं ती सकाळीच करून माठाजवळ ठेवली होती. डॉक्टर ज्याला पातळ म्हणत होते तेच हे.

"दुखनाइताले कोनी पोळी वाढते काय?" ती बाबांना म्हणाली. "पाहुना बिमार असन तर त्याले झेपन ते वाढा. यवढंबी समजत नाई."

बाबांनी आंबिलीत हात बुडवला आणि तांबड्याच्या ओठांवर लावला. त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा त्याची जीभ बाहेर आली, बोटं चाटली, आणि गळ्याखालून एक घोट खाली उतरलेला आम्ही तिघांनी पाहिला. मग त्यानं तोंड गंजात घातलं. सगळी नाही प्यायला, पण प्यायला.

"जेवला," बाबा म्हणाले.

घरात आधीच वेगळी काढून ठेवलेली आंबील आईनं वाटीत आणली आणि बाबांनी तिथंच बसून प्यायली. गूळ मी जबरदस्तीनं तोंडात कोंबला. तांबड्या त्या दुखण्यातून उठला, पण खांद्यावरच्या फोडांनी कातडं असं गेलं की जू पुन्हा ठेवता आलं नाही. गावात लोक म्हणत, कशाला बांधून ठेवला? बाबा म्हणत, पाहुना हाय.

यंदाच्या पोळ्याला बाबा गावी जाऊ शकले नाहीत. पायाची जखम चिघळली, शुगरमुळं भरत नाही, म्हणून जठारपेठेत माझ्याकडे पलंगावर आहेत. आई त्यांच्यापाशी, बैल शेजाऱ्यांच्या भरवशावर. मला म्हणाले, "तू जाय. आवतन तूच दे." मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा बैलाच्या कानाशी वाकले. मोठ्यानं बोलायला लाज वाटली, म्हणून हळूच बोलले. तेव्हा कळलं, बाबा इतकं हळू का बोलतात.

पोळ्याच्या दिवशी पांढऱ्या जेवला. तांबड्याचा मात्र मूड नाही. रोग नाही, ताप नाही, डॉक्टर बघून गेले. म्हातारा झाला आहे, ऊन होतं, बाबा दिसत नव्हते, काय असेल ते असो. पुरणपोळी हुंगली आणि उभा राहिला.

नवऱ्याचा फोन आला. "अगं, बाबा ताटावर बसत नाहीत. जेवला म्हणून सांगून टाक ना! त्यांना काय दिसतंय तिथून?"

सांगणं काय अवघड होतं? बाबांची गोळी सकाळीच झाली होती. इतक्या वर्षांत मी हेच तर म्हणत आले होते, की आधी जेवा. पण फोन कानाला लावून तांबड्यासमोर उभी असताना ते खोटं माझ्या तोंडून निघेना.

"थांबा थोडं," म्हणाले आणि फोन ठेवला.

घरात जाऊन ज्वारीचं पीठ कालवलं, आंबील केली, परातीत ओतून हलवून हलवून निववली. निंबाखाली तांबड्यापुढं आणली. हात बुडवला, त्याच्या ओठांवर लावला. त्यानं बोटं चाटली, खरखरीत जिभेनं, पार मनगटापर्यंत. मग परात चाटून पुसून साफ केली आणि वर पोळीही खाल्ली, नालायकानं.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला.

"जेवला, बाबा."

पलीकडे आईला सांगितलेलं ऐकू आलं, "वाढ वं, जेवला तो." मग पुन्हा मला, "आन तू जेवली काय, पोरी?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"आता बसते," मी म्हणाले. "तो जेवायचा होता ना."