डावं मडगार्ड चार बोटं खाली

व्हेल्डा पेनरनं गाडी ठोकली, ही बातमी सकाळची कॉफी निवायच्या आत सगळ्या गल्लीत पोचली. कोपऱ्यावरच्या अर्मा टोव्हसनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की चेट लिंडक्विस्ट, अमेरिकेतल्या या विचिटा शहरातला सगळ्यात जुना पत्रेवाला, व्हेल्डाच्या गॅरेजसमोर उकिडवा बसून डाव्या मडगार्डला मोजपट्टी लावतोय. दुपारी त्या बातमीत चर्चची भिंत आली. संध्याकाळी बिअरही आली. पेनरांच्या घरात कुणी कधी बिअर चाखलेली नाही, त्यामुळे बातमी सांगणाऱ्यांना जरा जास्तच चव आली.

खरं म्हणजे गाडीला ओरखडासुद्धा आला नव्हता. तिचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा चार बोटं खाली आहे, आणि ते १९५५ सालापासून, म्हणजे गाडीच्या जन्मापासूनच, तसं आहे.

ती गाडी कुठल्या कंपनीची नाही. व्हेल्डा आणि तिचा नवरा एल्डन, दोघंही तेव्हा विमानांच्या कारखान्यात पत्रे जोडणारे रिव्हेट मारायच्या कामाला होते. तो पत्र्याच्या बाहेरून रिव्हेटची बंदूक चालवायचा, ही आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायची. मध्ये पत्रा, त्यामुळे तोंड दिसत नाही. आवाज इतका, की बोललेलं ऐकू येत नाही. जे काय सांगायचं ते पत्र्यावर टकटक करून. आतून एकदा टक म्हणजे छान बसला, दोनदा टक म्हणजे पुन्हा मार. आमचं प्रेम या टकटकीवर जमलं, असं व्हेल्डा सांगते. तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं, असं गल्ली सांगते.

लग्नानंतर दोघांनी एका ठोकरलेल्या फोर्डचा सांगाडा आणला, भंगारातून मर्क्युरी गाडीचं इंजिन आणलं आणि कारखान्यानं टाकून दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून दोन माणसांची, बिनछपराची, मांजरासारखी दबकून बसलेली स्पोर्ट्स कार उभी केली. उजवी बाजू एल्डननं घडवली, डावी व्हेल्डानं. दाराच्या मुठी जुन्या फ्रिजच्या. चर्चमधल्या बायकांना वाटलं, आता या दोघांना मूल झालं की हे वेड जाईल. मुलं तीन झाली. ती तिन्ही इस्पितळातून त्याच गाडीत, आईच्या मांडीवर, घरी आली.

आता तर अशा गाड्यांमागे लागलेल्यांचा एक क्लबच आहे. दातांचे डॉक्टर रोलंड व्हिटकम त्याचे अध्यक्ष. हे लोक कंपनीच्या गाडीकडे ढुंकून बघत नाहीत. जगात जिची जोडी नाही अशी गाडी दिसली, की सूट घातलेला माणूससुद्धा गवतावर पाठ टेकून तिच्याखाली सरकतो. डॉक्टर तर दवाखान्यातला छोटा आरसा घेऊन सरकतात. पहिल्यांदा त्यांनी त्या फ्रिजच्या मुठीवर हात ठेवला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "मिसेस पेनर, ही मूठ कृपा करून कधी बदलू नका," म्हणाले. व्हेल्डा म्हणाली, "बदलायची तर फ्रिजची बदलायला हवी होती, डॉक्टर. आम्ही दोन वर्षं तो दोरीनं बांधून ठेवत होतो."

हा क्लब दरवर्षी एक गाडी निवडून कॅलिफोर्नियाला, समुद्राकाठच्या हिरवळीवरच्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवतो. तिथं आपली गाडी उभी करायची, हे एल्डनचं स्वप्न होतं. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही उशाला त्या हिरवळीचं चित्र होतं. तेव्हापासून व्हेल्डाचा एकच ध्यास : गाडी तिथं न्यायची. आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बाकी गाडी लाखात एक आहे. पण दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर परीक्षक गुण कापणारच. तेवढं डावं उजव्याशी जुळवून घ्या, कॅलिफोर्निया तुमचं."

म्हणून चेट आला होता.

"मी बाहेरून मारतो, तू आतून ठोकळा धर," चेट म्हणाला. "जमेल का अजून, म्हातारे?"

"तुझा नेम लागला तर जमेल. लग्नाच्या केकवर सुरी मारताना चुकला होतास."

व्हेल्डानं चाकाच्या वरच्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घातला. कडेच्या रिव्हेटांची रांग बोटांना लागली. हे मडगार्ड ती घडवत होती, तेव्हा एल्डन शेवटपर्यंत कुरकुरत होता : गाडी लंगडी दिसेल, लोक हसतील. ती म्हणाली होती, माझी उंची पाच फूट, स्टिअरिंग डावीकडे, त्याच्यापुढे एवढं उंच मडगार्ड असलं तर मला रस्ता कुठून दिसणार? तो म्हणाला, मग उशी घे. ती म्हणाली, उशी तू घे, झोपायला गॅरेजमध्ये. भांडण तसं मिटलंच नाही. पण रिव्हेट मारायची वेळ आली, तेव्हा बंदूक तिच्या हातात होती आणि आत ठोकळा धरून एल्डन बसला होता. एकेका रिव्हेटमागे आतून एकदाच टक. दुसरी टक त्यानं एकदाही दिली नाही.

चेटनं हातोडा उचलला.

"थांब," व्हेल्डा म्हणाली.

"हात अडकला?"

"नाही. घरात चल. बीरॉक गरम आहेत."

"अगं, मग मडगार्डचं?"

"मडगार्डला भूक नाही, चेट."

चेट त्या कोबी आणि मटणाच्या पावांपैकी चार खाऊन, हातोडा जसा आणला तसाच घेऊन गेला. त्यामुळे अर्मानं नवी बातमी सोडली, की नुकसान इतकं झालंय की पत्रेवाल्यानंही हात टेकले.

शनिवारी क्लबचा मेळावा होता. व्हेल्डानं गाडी स्वतः चालवत बागेत आणली, डोक्याला रुमाल, आणि उशीबिशी काही नाही. इंजिनाचा घुमघुमाट ऐकून बदकं तळ्यात पळाली आणि क्लबवाले तळ्याकडून गाडीकडे पळाले. पाहता पाहता दहाबारा जणांचे पाय गाडीखालून बाहेर दिसायला लागले. मडगार्डावर वाद पेटला. एक जण म्हणाला, विमानातला माणूस होता तो, वाऱ्याचा हिशेब केलेला आहे. दुसरा म्हणाला, शर्यतीत सारखं डावीकडे वळायचं असतं, म्हणून. तिसऱ्यानं वहीत बाण काढून वारा कुठून कुठे जातो तेही दाखवलं. व्हेल्डा खुर्ची टाकून, पायावर पाय ठेवून, ऐकत होती. इतकी मजा तिला चर्चच्या नाटकातही आली नव्हती.

निकाल लागला. कॅलिफोर्नियाला निघाली ती तुल्साच्या एका वकिलाची लाल गाडी. व्हेल्डाची दुसरी. डॉक्टर व्हिटकम खरोखर हळहळत जवळ आले.

"मिसेस पेनर, नुसत्या चार बोटांनी गेलं हो. मी सांगितलं होतं तुम्हाला. पुढच्या वर्षी तरी दोन्ही बाजू जुळवून आणा."

व्हेल्डानं रुमालाची गाठ घट्ट केली, फ्रिजची मूठ ओढून दार उघडलं, आत बसली आणि म्हणाली,

"जुळवायचीच असली तर उजवी खाली आणा, डॉक्टर. चूक त्याची होती."