दोन सीटांची वरात

आमचे आप्पा शाळेत भूगोल शिकवायचे. इटली शिकवताना त्यांना डोंगर, नद्या, द्राक्षं यांत फारसा रस नसायचा. कुठल्या गावात कुठली गाडी तयार होते, तिचं इंजिन पुढे की मागे, हेच ते तासभर सांगत बसत. एक माणूस आधी ट्रॅक्टर बनवत होता, त्याचा दुसऱ्या गाडीवाल्याकडून अपमान झाला आणि त्यानं ईर्ष्येनं स्वतःची पळती गाडी काढली, ही गोष्ट बेळगावच्या टिळकवाडीतल्या निम्म्या वकिलांना आणि डॉक्टरांना आजही पाठ आहे. इटलीची राजधानी मात्र त्यांतल्या काहींना आठवत नाही.

स्वतः आप्पा आयुष्यभर स्कूटरवर फिरले. कपाटाच्या दाराला आतून एका इटालियन गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. रोज शर्ट काढताना ते तिच्याकडे देवदर्शन घेतल्यासारखं बघत. आई म्हणायची, "माझ्याकडं असं बघितलं असतं तर मी चार पदार्थ जास्त शिकले असते."

माझं लग्न निपाणीला ठरलं. सासरी तंबाखूचा व्यापार. माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ बंगळूरला असतो, त्यानं एका दिवसासाठी आपली गाडी वरातीला द्यायचं कबूल केलं. गाडी इटालियन. हे ऐकून आप्पांच्या हातातला चहा बशीत सांडला. मग गाडीबद्दल त्यांनी जितकं बारकाईनं विचारलं, तितकं मुलगा काय करतो हेही विचारलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी गाडी बेळगावात कार्यालयाच्या दारात आली. हळदीसारखी पिवळी, आणि इतकी बुटकी की शेजारचं कुत्रं तिच्याकडे वरून बघत होतं. गावची सवय, सगळ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देती?" उत्तर ऐकून येळ्ळूरच्या आत्यानं कपाळाला हात लावला.

आप्पा दर दहा मिनिटांनी मंडपातून गायब व्हायचे. गाडीपाशी हात मागे बांधून उभे राहायचे. हात लावायचे नाहीत. कुणीतरी टपावर नारळ ठेवला, तर धावत जाऊन उचलला, आणि उडालेल्या अक्षता नव्या उपरण्यानं पुसल्या. आई माझ्या कानात म्हणाली, "आज कन्यादान आहे का गाडीदान, जरा विचार तुझ्या वडलांना."

त्यांना एकदा, फक्त एकदा त्या गाडीत बसायचं होतं. मला ते दिसत होतं, आणि ते कधी तोंडानं बोलणार नाहीत हेही ठाऊक होतं. मुलीच्या बापानं मुलाकडच्यांकडे काही मागायचं नसतं. मुलाकडच्यांनी गाडी मागितलेली लोकांनी ऐकली आहे. मुलीच्या बापानं गाडीत नुसतं बसायला मागितलं असतं तरी निपाणीपर्यंत बोभाटा झाला असता. मला त्या रिवाजाचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. आणि गाडी दुसऱ्या दिवशी बंगळूरला परत जाणार होती.

चार वाजता निघायची वेळ झाली. वरातीची मांडणी आत्यानं आठवडाभर आधी ठरवली होती. गाडी नवरा चालवणार, शेजारी मी, मागे करवली म्हणून माझी धाकटी बहीण आणि पाठराखीण म्हणून स्वतः आत्या. मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत पाठराखीण पाहिजेच, त्यात तडजोड नाही. आत्या लाडवांची बुट्टी घेऊन गाडीच्या मागे गेली. झाकण उघडलं आणि किंचाळली, "अगं बया, डिकीत इंजन हाय!"

मग तिनं आत डोकावून बघितलं. "आणि मागची सीट कुठं हाय?"

मागची सीट नव्हती. गाडी दोन माणसांची होती. रंग, किंमत, ॲव्हरेज, सगळं सगळ्यांनी विचारलं होतं. माणसं किती बसतात हे कुणीच विचारलं नव्हतं. आप्पांना अर्थातच माहीत होतं. "मग बोलला का न्हाईस?" आत्या भावावर कडाडली. "कुणी विचारलं नाही," आप्पा म्हणाले, "आणि मुलाकडच्यांच्या गाडीत सीट कमी आहे, असं मी कसं सांगू?"

तोडगे सुरू झाले. करवलीला मांडीवर घ्या. आत्याला मांडीवर घ्या. हा दुसरा तोडगा आत्याकडे एकदा बघून मागे घेण्यात आला. नवरा बिचारा मुंडावळ्या सावरत किल्ली हातात धरून उभा.

मी मोठ्यांदा म्हटलं, "मी बसनं येते, सगळ्यांबरोबर. मला असल्या बुटक्या गाड्या लागतात, मळमळतं. आप्पांना बसवा पुढं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. आंबोलीच्या घाटात, वळणावळणावर भजी खात गेलेली त्यांची पोरगी. "व्हय व्हय," नवरा पटकन म्हणाला, "बसा की, मामा." शहाणा माणूस. तेव्हाच मला कळलं, संसार बरा होणार.

आप्पा फेट्यासकट आत शिरले, म्हणजे आधी फेटा, मग गुडघे, मग बाकीचे. गाडी गरजली. बस सुटली तेव्हा गाडी दिसेनाशी झाली होती. संकेश्वरला आमच्या बसवाल्यानं चहासाठी गाडी उभी केली आणि तिथंच अर्धा तास गेला.

पुढचं मी बघितलं नाही, पण त्याचा व्हिडिओ नात्यातल्या ग्रुपवर अजून फिरतो. निपाणीच्या गल्लीत नवरी बघायला ही गर्दी. दुपारीच पुढे निघून आलेल्या सासूबाई दारात ताट घेऊन उभ्या. गाडी थांबते, दार उघडतं, आणि आतून फेटा येतो. मग आप्पा अडकतात. दोन बायका त्यांना हात धरून ओढतात. मागून कुणीतरी ओरडतं, "अगं, नवरी मिशीवाली हाय की!" सासूबाई गोंधळून गेल्या, पण हातातलं ताट थांबेना, त्यांनी आप्पांनाच ओवाळलं, भाकरीचा तुकडाही उतरून टाकला. आप्पांनी मान खाली घालून सगळं करून घेतलं.

आमची बस पोचली तेव्हा आप्पा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांच्या पिढीचे, लेकीच्या घरी पाणीसुद्धा घेणार नव्हते. मी माप ओलांडून आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले. ते लाल बस धरून बेळगावला निघणार होते, फेटा काखेत. दिवसभर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, म्हणून मी जरा रागातच होते.

"कशी होती गाडी?" मी विचारलं.

त्यांनी पिवळ्या गाडीकडे बघितलं. नाक ओढलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इटलीवाल्यांना नावं ठेवली.

"काय उपयोग गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "सारखा मागंच बघत होतो. त्या गाडीतनं मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. लेकीची बस येते का नाही, कळतच नाही बापाला."