रेन शहर आणि लेकीच्या घरचं जेवण

चिखलीहून निघालो तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा खायचंच जास्त होतं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, शेव, चिवडा. शेजारी म्हणाले, "काका, लेकीकडे चाल्ले का लढाईले?"

आमच्या घरात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. चहापाणी चालतं, ताट चालत नाही. वैशाली पुण्यात होती तेव्हाही मी खानावळीत जेवायचो. आता ती फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतात, रेन नावाच्या जुन्या शहरात राहते. म्हणून काय रीत मोडायची? तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मुलासाठी दवाखाना चालू होता. आता एकदम बारशालाच जेवू, असं मी मनाशी धरून होतो.

पॅरिसहून रेल्वेनं रेनला उतरलो. वैशाली स्टेशनवर आली होती. वाळली होती. पाया पडून म्हणाली, "घरी चहा घ्या बाबा. जेवायचं मी बाहेर पाहून ठेवलं तुमच्यासाठी." ती स्वतःच रीत पाळते आहे हे पाहून मला बरं वाटलं.

शहराचा जुना भाग बघण्यासारखा आहे. लाकडी चौकटींची तांबडी, निळी, पिवळी घरं अशी वाकली आहेत की खालून जाताना माणूस आपोआप पाय उचलतो. एका मोठ्या आगीत जुनं गाव बरंचसं जळालं, त्यातून ही वाचली. एका गल्लीच्या टोकाला दोन गोल बुरुजांची वेस आहे. इथले ड्यूक, म्हणजे राजेच म्हणा, गादीवर बसण्याआधी तिथून आत येत. सिंदखेडराजा पाहिलेल्या माणसाला तिचं काय कौतुक, पण दगड चांगला राखलाय.

जेवण म्हणजे गालेत (कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या पिठाचं काळसर, मोठं धिरडं). वर अंडं, चीज घालून चारी बाजूंनी घडी घालतात. सोबत सीद्र (सफरचंदाचा आंबवलेला रस) कपातून देतात. मी एक कप घेतला. चिखलीत बोभाटा करू नका. गोडात क्विन्यमान, म्हणजे लोणी आणि साखरेत भाजलेला, पदर सुटलेला पाव. एवढं लोणी आपल्याकडे जन्माष्टमीलाही कोणी काढत नाही.

वैशालीनं पाहून ठेवलेल्या त्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक म्हातारा बसायचा. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं जमलं.

"रोज एकटे?" त्यानं विचारलं.

"मुलगी इथंच राहते," मी म्हणालो आणि रीत समजावून सांगितली.

त्यानं कप खाली ठेवला. "आणि मूल झालंच नाही तर?"

मला त्याचा संताप आला. असं कोणी बोलतं का? उरलेली गालेत तशीच टाकून उठलो. पण प्रश्न काही टेबलावर राहिला नाही, माझ्याबरोबर आला.

थाबोर नावाची मोठी बाग आहे; गुलाब, कारंजी, पक्ष्यांचे पिंजरे. वैशाली मला तिथं घेऊन गेली. झोपाळ्यांवर पोरं ओरडत होती. ती मला झोपाळे टाळून लांबच्या वाटेनं फिरवून घेऊन आली. बापाला असलं काही विचारता येत नाही, निदान आमच्याकडच्या.

शनिवारी जुन्या चौकात बाजार भरतो. फुलकोबी, मासे, मधाच्या बाटल्या, तव्यावरची धिरडी, सगळं एकाच गलक्यात. वैशालीनं वांगी निवडून घेतली, कुट्टूचं पीठ घेतलं आणि घरी गेली. मी मोठं चर्च बघत बसलो. भानावर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. इथं दुपारी दोननंतर हॉटेलवाले चूल विझवतात, ती संध्याकाळीच पेटवतात. चार दारांवरून परत फिरलो. घरून आणलेलं कधीच संपलं होतं. भुरभुर पावसात भिजत, उपाशीपोटी घरी आलो.

जावई कामावर गेले होते. ओट्यावर भरीत होतं, वरण होतं आणि कुट्टूच्या पिठाच्या काळ्या भाकरी थापलेल्या होत्या. टेबलावर एकच ताट मांडलेलं.

"बाबा, जेवा."

"अवं पण बाई..."

"आता काही होणार नाही." ती गॅसकडे तोंड करून बोलत होती. "डॉक्टरनं मागच्याच महिन्यात सांगितलं, दवाखाना बंद करा म्हणे. तुम्ही येणारच होते, म्हणून फोनवर नाही सांगितलं."

"मग आतापर्यंत काऊन नाही बोलली?"

"तुम्ही बाहेर जेवून राह्यले होते ना बाबा. तोवर मलेही वाटे, अजून आहे काहीतरी."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. घास घेतला की संपलं, हे तिला कळत होतं आणि मलाही. नको म्हणावं तर तिच्या हातचं नाकारलं असं होईल, आणि हो म्हणावं तर मीच दार लावून घेतलं असं होईल. शेवटी हात धुतले आणि बसलो. भरीत अगदी तिच्या आईच्या हातच्यासारखं होतं. लेक वाढताना आग्रह करते, तसा तिनं केला नाही. मग मीच भाकरी मागून घेतली. दुसरी मागितली, तिसरीही मागितली. ती वाढत राहिली आणि रडत राहिली. मी मान वर केली नाही. एवढं वाईट जेवण मी आयुष्यात जेवलो नाही, आणि इतकं चवदारही नाही. पुढचे दिवस मी घरीच जेवलो. शहर बघायचं मन राहिलं नाही.

परत येऊन महिना होत आला. चिखलीत मंडळी भेटतात, परदेशात काय खाल्लं विचारतात. मी धिरड्यांचं सांगतो, लोण्याचं सांगतो. हे प्रवासवर्णन खरं तर मी लिहिणार नव्हतो. स्टेशनवर निरोप देताना वैशालीच म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवले ते लिहून टाका. लोक काय समजायचं ते समजून घेतील."

म्हणून लिहिलं. आता तिला फोन केला तर तिथला पाऊस विचारा, बाजार विचारा. "काही बातमी?" असं विचारू नका. मी लेकीच्या घरी जेवून आलोय.